कुलपातला प्रोजेक्टर

मी एक जुना प्रोजेक्टर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. तुम्ही आत्मवृत्तं वाचली असतील. त्यात एखादी छत्री, सायकल नाहीतर पडकी विहीर हळू आवाजात आपली कहाणी सांगते आणि शेवटी डोळे पुसते. मला डोळे पुसायचे नाहीत. माझा एकुलता एक डोळा लोकांनी असा पुसला आहे की त्यावर ओरखडे पडले आहेत. आणि मी जुना तरी कशाने झालो? वापरून वापरून झालो असतो तर छाती काढून सांगितलं असतं. मी पडून पडून जुना झालो.

मोताळ्याकडून आत आलं की कपाशी-सोयाबीनच्या वावरांमधून एक रस्ता आमच्या गावाला येतो. गावाच्या तोंडाशीच जिल्हा परिषदेची शाळा आहे. शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या मधल्या खणात, क्रोशाने विणलेल्या पांढऱ्या रुमालाखाली माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरे कोट घातलेली माणसं होती आणि खूप थंडी होती, एवढंच. मग मला थर्माकोलमध्ये घट्ट बसवून खोक्यात घातलं. खोक्यावर मोठा बाण काढला होता, ही बाजू वर ठेवा म्हणून. तरी गावापर्यंतचा बराचसा प्रवास मी डोक्यावर उभा राहून केला.

मला गावाने लोकवर्गणी करून आणलं. कुणी कापूस विकल्यावर दिलं, कुणी मजुरीतून दिलं. बचत गटाच्या जनकाबाई त्यासाठी घरोघर फिरल्या. "पोरं तालुक्याच्या शाळेत कायले धाडता? आपल्याच शाळेत फोटू दाखवून शिकवतीन," असं त्या प्रत्येक दारात सांगत होत्या. मी आलो त्या दिवशी मला खुर्चीवर बसवून नारळ फोडला. शाळा समितीचे अध्यक्ष गुलाबराव यांनी भाषण केलं. मग माझ्या शेजारी उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. मला सुरू मात्र कुणी केलं नाही, कारण त्या खोलीच्या भिंतीत विजेची पिन लावायला जागाच नव्हती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्यानंतर कित्येक वर्षं मी कपाटातच पडून होतो. मला खरं सुरू केलं ते धम्मशीला मॅडमनी. त्यांच्याकडे चौथीचा वर्ग होता. त्या मूळच्या पिंपळगाव राजा या गावच्या. वर्गात पुस्तकातलं बोलायच्या, पण रंगात आल्या की गावाकडची बोली आपोआप तोंडात यायची. सुरुवातीला त्यांनी इंटरनेटवरून उतरवलेले तयार पाठ लावले. एक बाई अगदी गोड आवाजात समुद्राची आणि बर्फाची माहिती द्यायच्या. मुलं चिडीचूप बसून पाहायची. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, काय शिस्त आहे या वर्गाला. पाठ संपल्यावर मॅडमनी प्रश्न विचारला की हीच मुलं लग्नाची कॅसेट पाहून उठल्यासारखी एकमेकांच्या तोंडाकडे पाहायची.

दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने तेवढ्यावर समाधान मानलं असतं. मॅडमनी मानलं नाही. त्या सुटीच्या दिवशी मोबाइल घेऊन मुलांच्या वावरात जायला लागल्या. फुटणारं बोंड, विहिरीवरची मोटर, बाजारातला तराजू, मुंग्यांची रांग, असं काहीबाही टिपून आणायच्या आणि माझ्याकडून दाखवायच्या. गंमत अशी की त्या एका दमात शेवटपर्यंत कधीच दाखवत नसत. ऐन वेळी चित्र थांबवायच्या.

"मॅडम, समोरचं दाखवा नं. काऊन थांबवता?" प्रसेनजित नावाचा एक पोरगा होता, तो हमखास कुरकुरायचा.

"तूच सांग मंग, समोर काय होईन ते," मॅडम म्हणायच्या.

आणि मग वर्गात जो गोंधळ उडायचा तो ऐकायला मला फार आवडायचं. मुलं भांडायची, एकमेकांना खोटं पाडायची. मॅडमनी मुद्दामच पांढरा पडदा लावला नव्हता. माझं चित्र त्या थेट फळ्यावर पाडायच्या. फळ्यावर चित्र जरा काळपट दिसतं, पण त्यावर खडूने लिहिता येतं. मुलं धावत यायची, चित्रावरच बाण काढायची, नावं लिहायची, पुढे काय होणार ते रेखाटायची. त्यानंतर मॅडम राहिलेला भाग दाखवायच्या आणि कुणाचं बरोबर ते सगळ्यांना कळायचं. खडूची धूळ माझ्या नाकातोंडात जायची. माझी काही तक्रार नव्हती.

त्या वर्गात अर्पिता होती. तिच्यासाठीच मी हे सगळं सांगतो आहे. लहानपणी मोठा ताप आला आणि तिची ऐकण्याची शक्ती जवळजवळ गेली. बोलणंही तुटक राहिलं. तिसरीपर्यंत ती मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची. मास्तर काय बोलतात ते तिला कळत नसे आणि तिला कळत नाही म्हणून लोक तिला मठ्ठ समजत. हे ऐकूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आता मला तळपाय नाहीत आणि मस्तकही नाही, पण आग आहे.

मॅडम चित्राखाली शब्द लिहून दाखवू लागल्या आणि अर्पिता मागच्या रांगेतून पुढे सरकली. एकदा मॅडमनी तिच्याच बापाच्या मळ्यातलं भेंडीचं फूल दोन-तीन दिवस टिपून आणलं. फुलाचं चित्र फळ्यावर मोठं पडलं, पिवळ्या पाकळ्या, मधे तांबडा डाग. मॅडमनी विचारलं, भेंडी कुठून येईल? कुणी म्हणालं फांदीतून, कुणी म्हणालं पानाच्या बगलेतून. प्रसेनजित म्हणाला, फूल पडल्यावर त्या जागी नवी फुटेल. अर्पिता उठली. तिने खडू घेतला आणि फुलाच्या आत, देठाजवळ, एक इवलीशी भेंडी काढली. खाली लिहिलं, 'आत आहे'. मॅडमनी पुढचं दाखवलं. पाकळ्या सुकून गळल्या आणि आतली भेंडी बाहेर आली. टाळ्या तिला ऐकू येणार नाहीत म्हणून मॅडमनी मुलांना दोन्ही हात वर करून हलवायला शिकवलं होतं. त्या दिवशी सगळा वर्ग हात हलवत होता आणि अर्पिता दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती. मॅडमनी त्या फळ्याचा फोटो काढून ठेवला.

घरी मात्र तिच्या शाळेचं काही खरं नव्हतं. तिचे वडील गोपाल भाजीपाला पिकवतात आणि बाजारात विकतात. त्यांची आई सुभद्राबाई रोज म्हणायची, "ऐकू येत नाही त्या पोरीले शाळेत बसवून काय फायदा? घरी राहीन तं कामाले येईन." मॅडम त्यांच्या घरी गेल्या, विनवण्या केल्या. शेवटी गोपाल म्हणाले, "दिवाळीलोक पाहू. तिले काही येते असं मले दिसलं तं राहू देईन." अर्पिताची शाळा एवढ्या एका गोष्टीवर लटकली होती, की दिवाळीच्या आत बापाला काहीतरी दिसलं पाहिजे. आणि दाखवणं हे तर माझंच काम होतं.

इथे किसनराव सर आले. ते आमचे मुख्याध्यापक. मित्रांनो, सर वाईट माणूस नाहीत. ते वेळेवर येतात, मुलांना मारत नाहीत, कुणाचा पैसा खात नाहीत. याचाच मला जास्त राग येतो, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. त्यांच्या आधीच्या शाळेतला एक टीव्ही चोरीला गेला होता आणि त्याची उत्तरं देता देता त्यांच्या नाकी नऊ आले होते. आता ते निवृत्तीला टेकले होते. दुसऱ्याच्या हाती कारभार देताना शाळेची एकही वस्तू फुटकी निघता कामा नये, एवढाच त्यांनी ध्यास घेतला होता. पोळ्याच्या सुमारास एक मुलगा माझ्या वायरीत पाय अडकून पडला. मला काही झालं नाही, मुलालाही झालं नाही. पण सरांचा चेहरा उतरला. त्यांनी मला उचललं, कपाटात ठेवलं, रुमाल टाकला आणि चाबी खिशात घातली.

"मॅडम, याच्या दिव्याचं आयुष्य ठरलेलं असते," ते म्हणाले. "रोज जाळून राह्यले तुम्ही. संपला म्हणजे कोण देईन? जपून वापरा लागते."

"सर, बंद ठेवून जपणं झालं. वापरणं कुठं झालं?" मॅडम म्हणाल्या.

"पाहणीले साहेब येणार हाय. तवा काढू."

मॅडमनी पुन्हा पुन्हा चाबी मागितली. सर कधी हसून टाळायचे, कधी कानाआड करायचे. मॅडम आपल्या मोबाइलवर दाखवायला लागल्या. पण हाताएवढा तो पडदा, त्याभोवती अख्ख्या वर्गाची झुंबड उडायची आणि अर्पिता ढकलली जाऊन मागे राहायची. हळूहळू ती परत भिंतीला टेकून बसायला लागली. मधल्या सुटीत ती सरांच्या खोलीत यायची आणि कपाटावर बोटांनी टकटक करायची. मी आत होतो. मी उत्तर देऊ शकत नव्हतो, आणि दिलं असतं तरी तिला ते ऐकू आलं नसतं. लोखंडी कपाटात अंगाचा तिळपापड होतो म्हणजे काय होतं, ते मला विचारा.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे औजारांची पूजा करतात. कास्तकार नांगर-वखर पुजतात, सुतार आपली करवत पुजतो. त्यामुळे शाळेतही पूजा झाली. घंटा, कंपास, वजनकाटा आणि मी. तेवढ्यापुरतं मला कपाटातून काढलं. मॅडम रजेवर होत्या. दसऱ्याला त्या घरच्यांसोबत दरसाल नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, तशाच त्या गेल्या होत्या. त्या असत्या तर पुढचं घडलं नसतं.

सरांनी माझ्या पाठीवर हळदकुंकू लावलं. इथपर्यंत ठीक होतं. पण गुलाबराव पुढे झाले. "सर, पाठीले काय लावता? सारा जीव तं याच्या डोळ्यात आहे. खरा मान डोळ्याले द्या लागते." आणि त्यांनी माझ्या काचेवरचं झाकण काढलं, अंगठा ओल्या कुंकवात बुडवला आणि काचेवर बरोबर मधोमध दाबून टेकवला. वर हळदीचं बोट ओढलं. अक्षता टाकल्या, त्यातल्या काही माझ्या वारा घ्यायच्या फटीतून आत गेल्या. सगळ्यांनी हात जोडले. नमस्कार करणाऱ्याला ओरडून थांबवता येत नाही. मग झाकण तसंच वरून बसवून मला पुन्हा कुलपात घातलं. ज्याला मुलांचे हात लागू नयेत म्हणून एवढा जपला, त्याचा डोळा मोठ्यांनी मान देऊन घालवला.

दसऱ्यानंतर शिक्षण खात्याच्या साहेबांच्या पाहणीचा दिवस ठरला. मॅडमनी गोपालना निरोप दिला, बाजार सोडून तेवढा एक तास या, पोरीचं काम डोळ्यांनी पाहा. त्यांनी भेंडीचाच पाठ तयार ठेवला होता. सकाळपासून त्या सरांना चाबी मागत होत्या आणि सर म्हणत होते, साहेबांची गाडी दिसू द्या. गाडी दिसल्यावर मला काढलं. तपासायला वेळच उरला नाही.

साहेब खुर्चीवर बसले. गोपाल दाराशी उभे होते, डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतलेला. अर्पिता फळ्यापाशी खडू घेऊन तयार होती. मॅडमनी मला सुरू केलं आणि फळ्यावर लालसर धुकं पडलं. फूल नाही, पाकळी नाही, अक्षर नाही. आतल्या अक्षता तापून करपल्याचा वास वर्गात पसरला. किसनराव सरांना घाम फुटला. त्यांनी हातात आलं ते उचललं. ते फळा पुसायचं डस्टर होतं. त्या खडूने भरलेल्या डस्टरने त्यांनी माझी काच खसाखसा घासली.

धुकं लालसरचं पांढरं झालं. अर्पिता त्या धुक्यासमोर खडू धरून उभी राहिली. तिने मॅडमकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि खडू खाली ठेवला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "असू द्या, चालतं," ते म्हणाले. "डिजिटल वर्गाचा एक फोटो घेऊन टाका. मुलांना तिकडे पाहायला सांगा." मग सगळ्या मुलांना धुक्याकडे बोट दाखवून बसायला सांगितलं आणि फोटो काढला. तो फोटो पुढे पुष्कळ जणांच्या मोबाइलवर गेला म्हणतात. खाली लिहिलं होतं, तंत्रज्ञानात रमलेली मुलं. त्या फोटोत अर्पिता नव्हती.

"मॅडम, तुमचं मन चांगलं हाय," गोपाल दाराशी म्हणाले. "पण मले जे दिसाचं ते दिसलं." त्यांनी मुलीचा हात धरला आणि ते गेले.

साहेबांची गाडी गेल्यावर मॅडम सरांच्या खोलीत आल्या. त्या ओरडल्या नाहीत. "सर, तुम्ही दिवा वाचवला," त्या म्हणाल्या, "आणि माझी पोरगी गेली." जनकाबाईंना कुणीतरी सांगितलं असावं. त्याही आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "सर, देव आमच्या घरी हाये. आम्ही तुमच्या शाळेत देव नव्हता आणला. लेकराईच्या कामाचं यंत्र आणलं होतं." सरांनी खिशातून चाबी काढली आणि मॅडमसमोर टेबलावर ठेवली. मला त्यांची दया आली नाही.

मॅडमनी मऊ कापडाने माझी काच साफ केली. कुंकू निघालं, ओरखडे राहिले. चित्र दिसू लागलं, फक्त मधोमध जरा पुसट. मॅडमच्या मनात गोपालना पुन्हा शाळेत बोलवायचं होतं. सर म्हणाले, "ते आता येत नसतात. आपणच जाऊ." दोन दिवसांनी, दिवेलागणीच्या वेळी, सरांनी मला आपल्या दुपट्ट्यात गुंडाळलं आणि स्वतः उचलून गोपालच्या घरी नेलं. मुलांना ज्याच्या जवळ येऊ दिलं नाही, त्याला घेऊन हा माणूस भर गल्लीतून चालत होता. लोक पाहत होते. गुलाबरावांनी शेजारच्या घरातून वायर ओढून दिली. घराच्या पांढऱ्या भिंतीवर मी भेंडीचं फूल पाडलं. इतका लख्ख मी कधी पेटलो नव्हतो. गल्लीतली लेकरं जमली, बायका ओट्यावर आल्या.

"अर्पिता कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

सुभद्राबाईंनी पदर सावरला. "तिले तं काल धाडलं मामाच्या गावाले, संग्रामपूरले. मामीचं लेकरू लहान हाय. ते सांभाळाले कोणी पाह्यजे होतं."

भिंतीवर पाकळ्या गळत होत्या आणि भेंडी बाहेर येत होती. कुणी थांबवलं नाही म्हणून ते चित्र पहिल्यांदाच एका दमात शेवटपर्यंत चाललं. गोपाल आपल्याच मळ्यातल्या फुलाकडे पाहत राहिले. मॅडमनी मोबाइल काढून त्यांना तो जुना फोटो दाखवला. फळ्यावरचं फूल, आत खडूने काढलेली भेंडी, खाली लेकीचं अक्षर.

"हे तिनं काढलं?"

"हाव. कोणीच सांगितलं नव्हतं तिले. साऱ्या वर्गात एकटीले समजलं."

गोपालनी मोबाइल मॅडमच्या हातात परत दिला. मग ते किसनराव सरांकडे वळले. "सर, मंग यंत्र तवा काऊन नाही काढलं?"

"खराब होईन म्हणून," सर म्हणाले.

उद्या सकाळच्या एसटीने मॅडम आणि गोपाल संग्रामपूरला जाणार आहेत. मामी तिला सोडेल की नाही, ते मला ठाऊक नाही. एकदा घरकामाला लागलेली मुलगी परत शाळेत येणं किती अवघड असतं, ते मॅडमना ठाऊक आहे, म्हणून त्या आज हसत नव्हत्या. मी चौथीच्या वर्गात, टेबलावर, उघडा बसलो आहे. माझी काच कधीतरी बदलता येईल. ती मुलगी मागच्या रांगेत परत गेली ते दिवस कुणाला बदलता येणार नाहीत.

म्हणून मित्रांनो, माझा राग गेलेला नाही आणि मी तो सोडणारही नाही. तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊ कपाटात असेल. संगणक असेल, टॅब असतील, खोक्यातून न काढलेली सूक्ष्मदर्शकं असतील, नकाशे असतील. त्यांना पुजू नका. त्यांना हात लावा, धूळ लागू द्या, वापरता वापरता एखादं बिघडलंच तर दुरुस्त करा आणि पुन्हा वापरा. आणि कुणी मोठ्या माणसाने अभिमानाने सांगितलं, की ही वस्तू आम्ही इतकी वर्षं जपली, तर अदबीने उभे राहा आणि त्यांना एवढंच विचारा, की कुणापासून जपली?